कोऱ्या चहाची परीक्षा : चवीचे मोजमाप, चवीची भाषा आणि तासगावचा सौदा

सारांश

चव ही केवळ वैयक्तिक आवडीची बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. चहाच्या व्यापाराने मात्र चवीची तुलना करण्याची निश्चित पद्धती आणि तिला आवश्यक असणारी परिभाषा घडविली. सुट्या चहाच्या निरनिराळ्या प्रकारांची परीक्षा कशी करतात, त्या परीक्षेमागील रसायनशास्त्र व संख्याशास्त्र कोणते आणि बेदाण्याची बाजारपेठ असलेल्या तासगावसारख्या गावाला त्यापासून काय घेता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सूचक शब्द : सुटा चहा, चवपरीक्षा, प्रमाणीकरण, त्रिकोणी चाचणी, बेदाणा, परिभाषा.

१. प्रस्तावना

तासगाव येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात बेदाण्याचे उघड सौदे होतात. खरेदीदार बेदाण्याचा रंग पाहतो, मूठभर माल हातात घेऊन त्याचा चिकटपणा अजमावतो, एखादा दाणा तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. द्राक्षबागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल अशा रीतीने काही क्षणांत डोळा, बोट आणि जीभ यांच्या साक्षीने ठरते. चवीची पारख हा येथे अर्थव्यवहाराचा भाग आहे, हे या परिसरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

हाच मनुष्य किराणा दुकानात चहा घेताना मात्र पुडक्याचा रंग आणि ओळखीचे नाव पाहून खरेदी करतो. सुटा चहा घेतलाच, तर ‘बारीक’, ‘ममरी’, ‘डस्ट’ किंवा ‘मिक्स’ एवढ्या शब्दांवर व्यवहार आटोपतो. चांगला चहा म्हणजे कडक चहा, यापलीकडे वर्णन सहसा जात नाही. बेदाण्याच्या बाबतीत चोखंदळ असलेला समाज चहाच्या बाबतीत असा अबोल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

२. चहा आला, पारख आली नाही

महाराष्ट्रात चहाचा प्रवेश वादग्रस्त ठरला होता. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांची नावे त्यात गुंतली आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. त्या वादात चहा कोणाच्या हातचा होता हा प्रश्न होता. चहा कसा होता, हे कोणी विचारले नाही.

पुढे १९०३ साली चहावर उपकर बसवून त्या निधीतून प्रचार सुरू झाला आणि १९३७ पासून इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाने तो देशभर अधिक जोमाने चालविला. चहा खेड्यापाड्यांत पोहोचला, तो स्वस्त पेय म्हणून. याच सुमारास, १९३० च्या आसपास, आसामातील अमगुरी मळ्यात विल्यम मॅकरचर यांनी पान चिरडून, फाडून, त्याचे गोल दाणे करणारे यंत्र सिद्ध केले. ‘सीटीसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेतील चहा लवकर रंग सोडतो, कमी मालात जास्त पेले देतो आणि दूध-साखरेतही टिकतो. स्वातंत्र्योत्तर काळात हाच चहा घरोघरी रुजला. आज भारतात होणाऱ्या चहापैकी बहुतांश चहा याच प्रकारचा असून एकूण उत्पादनाच्या सुमारे चार पंचमांश माल देशातच खपतो.

दुधात उकळलेला गोड चहा ही आपल्या जीवनातील आनंदाची गोष्ट आहे व तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दूध, साखर, आले आणि वेलदोडा यांच्या एकत्रित प्रभावाखाली पानाचा स्वतःचा गुण झाकला जातो. ज्याची चव वेगळी लागतच नाही, त्याची पारख निर्माण होणार कशी? म्हणून परीक्षेचा चहा हा कोराच असावा लागतो.

३. पान, विकर आणि बेदाणा

काळा, हिरवा, उलाँग असे चहाचे सर्व प्रकार कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीपासून होतात. भेद पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेने. ताज्या पानाच्या शुष्क वजनात सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पॉलिफेनॉल द्रव्ये असतात. पान चुरगळले की पेशी फुटतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर त्या द्रव्यांच्या संपर्कात येते आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांचे रूपांतर घडविते. चिरलेले वांगे काळे पडते, ती हीच क्रिया होय. चहाच्या व्यवसायात तिला आंबविणे म्हणतात. वस्तुतः तेथे सूक्ष्मजीवांचे काम नसते.

या क्रियेतून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही दोन प्रकारची द्रव्ये तयार होतात. थिआफ्लेविनमुळे कोऱ्या चहाला सोनेरी-केशरी तजेला व जिभेला जाणवणारा तरतरीतपणा येतो. थिआरुबिजिनमुळे तांबूस गडद रंग आणि भरीवपणा येतो. चहा उत्तम होण्यासाठी या दोहोंचा तोल साधावा लागतो. क्रिया फार काळ चालली तर पहिले द्रव्य घटते आणि चहा गडद पण निस्तेज होतो. म्हणूनच नुसत्या काळ्याभोर रंगावरून चहाची प्रत ठरविणे चुकीचे होय.

हिरव्या चहात पान खुडल्यावर लगेच वाफ किंवा उष्णता देऊन हे विकर निष्क्रिय करतात. उलाँगमध्ये क्रिया अर्ध्यावर थांबवितात. तासगावच्या वाचकाला याचे साम्य सहज उमगेल. द्राक्षाचा बेदाणा तपकिरी होतो तोही याच विकरामुळे. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षे बुडवून सावलीतील रॅकवर लवकर सुकविणे आणि गंधकाची धुरी देणे, या दोन उपायांनी त्या क्रियेला आवर घालूनच बेदाण्याचा हिरवा-पिवळा रंग राखला जातो. काळा चहा करणारा कारखानदार विकराला मोकळीक देतो, बेदाणा करणारा शेतकरी त्याला बांधून ठेवतो. दोघांचे कसब एकाच रासायनिक क्रियेभोवती फिरते.

४. तुलनेसाठी चार चहा

अध्ययनासाठी पुढील चार प्रकार पुरेसे आहेत. पहिला आसामचा सीटीसी. याचे दाणे गोल व करडे-तपकिरी, अर्क तांबडा व दाट, चव कडक. दूध घालूनही त्याचा आब टिकतो. दुसरा आसामचाच, पण पान वळवून केलेला ऑर्थोडॉक्स चहा. भूमी व वनस्पती तीच असूनही अर्क अधिक नितळ आणि मधासारख्या, माल्टसारख्या गंधाचा असतो. पहिले दोन चहा शेजारी ठेवले की केवळ यंत्र बदलल्याने चव किती बदलते, ते ध्यानात येते.

तिसरा दार्जिलिंगचा दुसऱ्या बहराचा, म्हणजे साधारण मे-जून महिन्यांतील चहा. अर्क फिकट तांबूस, दाटपणा कमी, गंध मात्र विलक्षण. या गंधाला व्यापारात ‘मस्कटेल’ म्हणतात. मस्कट जातीच्या द्राक्षांवरून हे नाव पडले आहे. हे साम्य केवळ कविकल्पना नव्हे. लिनालूल आणि जेरॅनिऑल ही सुगंधी अल्कोहोले मस्कट द्राक्षात आहेत आणि या चहातही आहेत. विशेष म्हणजे तुडतुडे व फुलकिडे यांनी पानाचा रस शोषल्यावर वनस्पती जो प्रतिसाद देते, त्यातून हा गंध वाढतो. द्राक्षबागेत ज्या किडींच्या नावाने झोप उडते, तशाच किडी तेथे मर्यादित प्रमाणात गंध वाढवितात. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात गोडीसाठी नावाजली. परंतु थॉमसनच्या कुळात मस्कटचा गंध नाही. त्यामुळे द्राक्षाच्या या प्रदेशातही हा ‘द्राक्षगंध’ अनोळखी वाटू शकतो.

चौथा निलगिरीचा ऑर्थोडॉक्स चहा. अर्क तेजस्वी, चव हलकी, गंध फुलांकडे झुकणारा. डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांतील मालाला विशेष मान असतो.

प्रतवारीच्या नावांविषयी दोन खुलासे आवश्यक आहेत. ‘ऑरेंज पेको’ या नावाचा संत्र्याच्या चवीशी संबंध नाही. ते पानाच्या आकाराशी निगडित वर्गनाम आहे. तसेच ‘डस्ट’ म्हणजे झाडून काढलेला केर नव्हे. चाळणीतून पडलेल्या सर्वांत बारीक कणांची ती प्रत असून दक्षिण भारतात उत्तम डस्टला मोठी मागणी असते. प्रत आकार सांगते, चव सांगत नाही. चव सांगण्यासाठी चाखावेच लागते.

५. परीक्षेची पद्धती

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८० साली आयएसओ ३१०३ हे मानक प्रसिद्ध केले व २०१९ मध्ये ते सुधारले. उत्तम चहा कसा करावा, हे ते सांगत नाही. तुलना करावयाची असेल तर प्रत्येक चहा एकाच रीतीने करावा, एवढेच त्याचे सांगणे आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही पद्धती पुढीलप्रमाणे अवलंबिता येईल.

१) प्रत्येक १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा, या प्रमाणात माल तराजूवर तोलून घ्यावा. चमच्याने मोजू नये; सीटीसीचा एक चमचा आणि पानाचा एक चमचा यांच्या वजनात मोठे अंतर असते.

२) पांढऱ्या चिनी मातीची, झाकणाची, सारख्या आकाराची भांडी घ्यावीत. पांढऱ्या पृष्ठभागावरच अर्काचा खरा रंग दिसतो.

३) नुकतेच उकळलेले पाणी ओतून झाकण ठेवावे व बरोबर सहा मिनिटांनी अर्क गाळून घ्यावा. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरील या भागात पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. सर्व नमुन्यांना ते सारखेच लागू असल्याने तुलनेत बाधा येत नाही.

४) कोरडा माल, भिजलेला चोथा आणि अर्क या तिन्हींची क्रमाने तपासणी करावी. चोथ्याचा रंग तांब्यासारखा उजळ असणे चांगले. हिरवट किंवा काळपट डाग प्रक्रियेतील दोष दाखवितात.

५) अर्क किंचित निवाल्यावर चमचाभर घेऊन जोरात भुरका मारावा, तोंडात फिरवावा व थुंकून टाकावा.

भुरका मारणे एरवी अशिष्ट मानले जाते. येथे मात्र ते शास्त्रोक्त आहे. भुरक्याने अर्काचे तुषार होतात आणि त्यातील गंधद्रव्ये घशामागून नाकात पोहोचतात. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वस्तुतः गंध असतो. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा अनेक पाठ्यपुस्तकांत छापला गेला. परंतु सर्व मूळ चवी जिभेच्या सर्व ग्राही भागांवर जाणवतात, हे आता प्रस्थापित झाले आहे. चहाचा तुरटपणा तर स्पर्शाच्या जवळची संवेदना आहे. पॉलिफेनॉल लाळेतील प्रथिनांना बांधतात आणि तोंड आवळल्यासारखे वाटते. दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलना आधीच बांधून टाकते, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. चहा दुधासाठीच घ्यावयाचा असेल, तर कोऱ्या परीक्षेनंतर प्रत्येक नमुन्यात मोजून सारखेच दूध घालून दुसरी फेरी करावी.

पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील भूजल अनेक ठिकाणी जड असते. अशा पाण्यात केलेल्या कोऱ्या चहावर कॅल्शियम व बायकार्बोनेटमुळे तवंग येतो आणि अर्क निस्तेज दिसतो. तोच चहा कूपनलिकेच्या, नळाच्या आणि शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात करून पाहिला, तर दोष मालाचा की पाण्याचा, हे उघड होते. साठवणीचेही तसेच आहे. चहा भोवतालचा वास झपाट्याने शोषतो. हळद, मसाले आणि साबण यांच्या शेजारी उघड्या पोत्यात ठेवलेला चहा चाखताना आपण कधी कधी दुकानच चाखत असतो.

सुट्या चहात भेसळीचा संशय असल्यास ओल्या गाळणकागदावर माल पसरून पाहावा. काही वेळाने कागदावर गडद रंगाचे डाग उमटल्यास कृत्रिम रंगाची शंका घ्यावी. लोहकणांसाठी लोहचुंबक फिरवावा. या प्राथमिक चाचण्या असून अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच असतो.

६. जीभ खरे बोलते काय?

‘मला फरक कळतो’ असे म्हणणाऱ्याला खरोखर फरक कळतो काय, हे तपासण्याचा मार्ग संख्याशास्त्राने चहाच्याच निमित्ताने दाखविला. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी, पेल्यात आधी दूध घातले की चहा, हे आपण चवीवरून सांगू शकतो, असा दावा केला. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात अशाच परीक्षेचे उदाहरण घेतले. आठ पेले, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या प्रकारचे, क्रम यादृच्छिक. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत. म्हणून केवळ अंदाजाने सर्व उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. परंतु चारपैकी किमान तीन ओळखण्याची शक्यता ७० मध्ये १७, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा आहे. एका चुकीने पुरावा किती दुबळा होतो, हे यावरून कळते.

महाविद्यालयात त्रिकोणी चाचणी अधिक सोयीची आहे. परीक्षकापुढे तीन पेले ठेवावेत. दोन सारखे, एक निराळा. निराळा ओळखावयाचा. दोन चहांचे तीन पेल्यांत मांडण्याचे सहा क्रम होतात, ते सर्व एकेकदा द्यावेत. अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता दर वेळी एक तृतीयांश असते. सहापैकी चार किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे १० टक्के, तर पाच किंवा अधिक येण्याची सुमारे १.८ टक्के आहे. तेव्हा सहांत किमान पाच, ही कसोटी ठेवावी. पेल्यांवर नावांऐवजी तीन अंकी सांकेतिक क्रमांक असावेत आणि पेले भरणारा व ते देणारा या व्यक्ती वेगळ्या असाव्यात.

या चाचणीचा उपयोग घरच्या हिशेबालाही होतो. पेल्यास २ ग्रॅम धरल्यास एका किलोत ५०० पेले होतात. समजा, किलोमागे दोन चहांच्या किमतीत २०० रुपयांचा फरक आहे. तर पेल्यामागे तो ४० पैसे पडतो. फरक जिभेला कळत असेल तर चाळीस पैसे फार नाहीत. कळत नसेल, तर ते केवळ पुडक्याचे मोल आहे.

७. चवीची भाषा

मोजमापाइतकीच शब्दांची गरज असते. काळ्या चहाच्या परिभाषेसाठी आयएसओ ६०७८ हे स्वतंत्र मानक १९८२ साली निघाले. कोलकात्याच्या लिलावात १८६१ पासून, आणि पुढे कोची, कुन्नूर, गुवाहाटी व सिलिगुडी येथे, चाखणाऱ्यांच्या शब्दांवर भाव ठरत आले आहेत. ते शब्द सर्वांना ठाऊक असल्याने मळेवालाही आपल्या मालाविषयीच्या शेऱ्याचा अर्थ लावू शकतो आणि पुढील खेपेस प्रक्रिया सुधारू शकतो.

मराठी या बाबतीत दरिद्री नाही. आयुर्वेदाने सहा रसांत कषायाला, म्हणजे तुरट रसाला, स्वतंत्र स्थान दिले आहे. मात्र संस्कृतातील ‘कटु’ म्हणजे तिखट व ‘तिक्त’ म्हणजे कडू, हा उलटापालट ध्यानात ठेवावा लागतो. बोलीतील शब्द तर अधिक नेमके आहेत. जादा भाजलेल्या मालाला करपट, ओल धरलेल्याला कुबट, जाड पानांच्या चहाला जून, विरळ अर्काला पाणचट, घशाशी लागणाऱ्याला उग्र. ‘ब्रिस्क’साठी तरतरीत, ‘ब्राइट’साठी तजेलदार आणि ‘बॉडी’साठी भरीवपणा हे शब्द सहज चालतील. ‘कडक’ या एका शब्दात आपण रंग, तुरटपणा, कडवटपणा आणि भरीवपणा या चार निराळ्या गोष्टी कोंबतो. त्या वेगळ्या केल्या की चाखणेही वेगळे होते.

८. तासगावसाठी अर्थ

दार्जिलिंग चहा हे भारतातील पहिले भौगोलिक मानांकन होय. ते २००४ सालचे. सांगलीच्या बेदाण्याला ते २०१६ मध्ये मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. परंतु नावामागील गुण शब्दांत व आकड्यांत मांडून दाखविता आला, तरच ते नाव बाजारात वजन धरते. दार्जिलिंगच्या मागे चाखणाऱ्यांची दीर्घ परंपरा उभी आहे.

सौद्यात खरेदीदाराची जीभ बोलते आणि शेतकरी ऐकतो. ‘माल हलका आहे’ या शेऱ्याला त्याच्याजवळ उत्तर नसते. कारण हलका म्हणजे रंगाने, ओलाव्याने, सालीच्या जाडीने, आंबटपणाने की गंधकाच्या वासाने, हे कोणी सांगितलेले नसते. ज्याच्याजवळ मोजमाप व शब्द आहेत तो वाद घालू शकतो. ज्याच्याजवळ नाहीत तो भाव स्वीकारतो.

येथे महाविद्यालयांना करण्याजोगे काम आहे. रसायनशास्त्र विभागाने ओलावा व आम्लता मोजावी, संख्याशास्त्र विभागाने चाचणीची रचना करावी, वाणिज्य विभागाने भाव नोंदवावेत आणि मराठी विभागाने शेतकरी, अडते व प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया यांच्या बोलीतील शब्द गोळा करावेत. चार चहांच्या कोऱ्या पेल्यांपासून या शिक्षणाचा आरंभ करणे सोयीचे आहे. त्यास खर्च अल्प येतो, आणि कोणाचेही हितसंबंध गुंतलेले नसल्याने विद्यार्थी निःशंकपणे चाखू व चुकू शकतात.

९. निष्कर्ष

चहाच्या परीक्षेत आवडीला जागा आहे, पण ती शेवटी. आधी वजन, पाणी, वेळ व भांडे समान करावे लागते. नंतर जिभेची साक्ष संख्येने पडताळावी लागते. त्यानंतर जाणवलेले नेमक्या शब्दांत मांडावे लागते. या तीन पायऱ्या ओलांडल्यावर चव खासगी राहत नाही, दुसऱ्याला तपासता येणारी होते. जे तपासता येते त्यावर एकट्या खरेदीदाराची मक्तेदारी चालत नाही. कोऱ्या चहाच्या पेल्यात मिळणारे हे शिक्षण बेदाण्याच्या सौद्यापर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा आहे.